रात्रीचा शेवटचा पेशंट

पावणेतीनला अपघातांची गर्दी ओसरली
तेव्हा मुकादम मॅडम आल्या, तळोज्याच्या.
झोपलेलं लेकरू आणावं तसं
चादरीत गुंडाळलेलं ओझं छातीशी धरून.
नर्मदेकाठचा दगड. चौदा किलो.
आत एका शिकारी डायनासोरची अर्धी कवटी.

फॉर्म भरल्याशिवाय आमचं सीटी मशीन हलत नाही.
नाव : मी ‘दगड’ लिहिलं.
लिंग : मॅडम म्हणाल्या, ते सोडा.
वयाच्या रकान्यात तीनच आकडे मावतात,
सहा कोटी सत्तर लाख कुठे बसवू?
नुसतं सदुसष्ट टाकलं.
माझा बाप असता तर तेवढ्याच वयाचा असता.

“श्वास रोखा,” मशीनमधली बाई सवयीनं म्हणाली.

मग स्क्रीनवर एकेक काप उतरू लागला.
हाड पांढरं, दगड करडा,
आणि मधोमध एक आकार, कशानंच न बनलेला.
“हा मेंदू नाही हं,” मॅडम म्हणाल्या,
“मेंदूची जागा आहे.
माणूस घर सोडून जातो
आणि भिंतीवर त्याच्या डोक्याचा तेलकट डाग राहतो ना, तसं.”

कटिंगच्या ग्लासात मावेल एवढी जागा.
जनावर मात्र खाली उभ्या ॲम्ब्युलन्सहून लांब.

मी विचारलंच. हुशार होता का?
त्या हसल्या. सगळे हेच विचारतात.
“किती हुशार, ते नाही सांगता येत.
कशात हुशार, ते थोडं दिसतं.”

कानाच्या आत तीन कड्या,
बांगड्या एकीत एक अडकाव्यात तशा.
धावताना मान हिसकली
तरी नजर सावजावरून ढळू नये म्हणून.
खालचे, जड आवाज ऐकू येत असावेत याला
(त्या प्रत्येक वेळी ‘असावेत’ म्हणत होत्या).
आणि पुढे दोन फुगीर गोळे,
उरलेल्या मेंदूच्या मानानं केवढे तरी.
“हे वासाचे.”

एकवीसच्या एप्रिलपासून मला वास येत नाही.
फिनेल नाही, रक्त नाही,
तव्यावर करपलेली भाकरी नाही.
त्या दोन गोळ्यांवर मी कर्सर नेला,
माप घेतलं.
पुन्हा घेतलं.
मॅडमनी का म्हणून विचारलं नाही.

बाप करावे गावचा, चौथी शिकलेला.
काळोखात नाक वर करून सांगायचा, “पानी फिरलं.”
आणि फिरलेलं असायचं.
निवटी धरायची तर ऊन तोंडावर घ्यायचं,
सावली पाठीशी ठेवायची.
बिळाला तोंडं दोन,
एकावर टाच, दुसऱ्यात हात,
आणि मधल्या वेळात पापणीही हलवायची नाही.
त्याच्या डोक्याचा स्कॅन मीच काढला होता, याच मशीनवर.
रिपोर्टात ‘नॉर्मल’ लिहून आलं.
पाणी फिरल्याचं त्यात कुठेच दिसलं नाही.

साडेसहाला ड्युटी संपली. घरी नाही गेलो.
करावेच्या खाडीवर ओहोटी होती,
बांधाचे दगड काळे, पारसिकच्या डोंगरातले.
ज्या लाव्ह्यानं ही जमीन रचली,
तो तापत होता तेव्हा नर्मदेकाठी
असलेच कुणीतरी नाक वर करून उभे असतील.

तिवराच्या फांदीवर ढोकरी बसली होती.
फांदी वाऱ्यानं खालीवर होत होती,
अंगही फांदीबरोबर.
डोकं तेवढं जागच्या जागी,
हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखं.
आत तीन कड्या असतील,
मोहरीएवढ्या.

ती खाली उतरली.
चिखलात एक पाय टाकला. थांबली.
दुसरा टाकायला बराच वेळ घेतला.

मी खोल श्वास ओढला. काही नाही.
पुन्हा ओढला.

मग लक्षात आलं, ऊन माझ्या पाठीवर आहे
आणि माझी सावली लांबलचक
नेमकी तिच्या बिळापर्यंत पोचली आहे.

एक पाऊल मागे झालो.
अजून एक.