बुडाला, पानाला नाही

मंगळवारी सकाळी लुमाण्णा दारात आला,
हातात कर्दळीचं एक पान, कडेनं करपलेलं.
"कोण फिनेल ओतूलंय गे?" एवढंच म्हणाला.
माझ्याकडं बघितलंही नाही.

येळ्ळूरच्या टोकाला आमची गल्ली, वर राजहंसगड,
एकवीस घरांच्या मोऱ्या त्याला तोंडपाठ.
तांदळाचं धुवण कुणाचं, बाळंतीण कुठल्या घरात.
कुगजींच्या पोरीला हळद लागली तेव्हा
पहिल्या खड्ड्यावर तीन दिवस पिवळी साय होती.
मग खडी, मग वाळू, मग कर्दळीची मुळं,
गल्ली तिथं हळूहळू आपलं आडनाव विसरते
आणि शेवटच्या टाकीत नुसतं पाणी उतरतं.

टाकीवर पंचायतीची पाटी, कन्नडमध्ये, लाल.
खाली त्यानंच डांबरानं मराठीत लिहिलंय: पीऊ नका.
"पि ऱ्हस्व पाहिजे," मी म्हटलं.
"असू दे की. दीर्घ लांबनं दिसतंय."

कोथिंबीर लावत नाही, मुळा नाही,
कच्चं खातात त्यातलं काहीच नाही.
वांगी, दोडका, भेंडी.
पाणी बुडाला, पानाला नाही.
वडगावच्या बाजारात नीलव्वालासुद्धा बजावतो,
"बेयिसी तिन्री, अक्का." शिजवून खा.
ती हसते, वजन करते, पैसे मोजते.
आमच्या गल्लीत मात्र कुणी घेत नाही.
मोरीची भाजी म्हणतात.
मीही म्हणायचे.

त्या मंगळवारी सांगून टाकलं:
सासूबाईंचं अंथरूण. रोज दोनदा.
वास जात नाही.
तो पानाची घडी घालत राहिला.
"बादली भायेर ठेव. मी नेतो,
उकिरड्यापल्याड खड्डा काढलाय."
सतरा दिवस नेली.
माझ्या नवऱ्यानं एकदाही उचलली नव्हती.

अठराव्या दिवशी बादली ठेवली नाही.
अंगणात त्यांना शेवटचं न्हाऊ घातलं.
सगळ्या रडत होत्या, मी पाणी बघत होते:
तुळशीला वळसा घालून, भिंतीच्या बुडातनं
ते निघालं, कोपऱ्यावर जरासं थांबलं,
मग वाट माहीत असल्यासारखं गेलं.
लुमाण्णानं आठवडाभर कॉक सोडला नाही,
असं नंतर कुणीतरी म्हणालं.
मी विचारलं नाही.

तेराव्याला पहाटे उंबऱ्यावर बुट्टीभर वांगी,
देठाला काटे, अंगावर दव.
जाऊबाई लांबूनच म्हणाली, "कुठली गे ही?"
मी विळी पुढं ओढली.
"घरचीच," म्हटलं,
आणि चांगली शिजवली.