चोर्ल्याचा उतार

बेळगावात आज बाबांच्या डाव्या डोळ्यातला
पडदा काढला.
चोर्ल्याच्या माथ्यावर बॅटरी एकेचाळीस टक्के.
काळ्या चष्म्याआडून ते विचारतात,
"कितव्या गिअरात आहेस?"
गिअर नाहीत, बाबा, हिला.
"आवाज पण नाही. मग घाट
कोणाच्या भरवशावर उतरतेस?"

शेजारच्या सीटवर त्यांचा उजवा पाय
रबरी मॅटवर ब्रेक शोधतो.
वळण येतं, पाय दाबतो.
समोरून बस येते, दाबतो.
सव्वीस वर्षं पिसुर्ल्याहून आमोण्याच्या जेटीवर
दहा टन लाल माती पोचवलेला पाय.
खाण बंद पडली, ट्रक भंगारात गेला,
पायाला कुणी कळवलेलं नाही.

संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा
शर्टाला माती, आणि मातीखाली
जळक्या लायनरचा वास.
आई शर्ट दोनदा धुवायची,
वास तिसऱ्या दिवशीही दोरीवर.
"चढताना डिझेल खातो, उतरताना लायनर,"
ते म्हणायचे,
"मालकाला दोन्ही बाजूंनी बिल."

मी पॅडलवरचा पाय नुसता सैल करते.
लेव्हल तीन.
गाडीला कुणीतरी मागून पदर धरल्यासारखं होतं.
चाकं आता मोटर फिरवतात,
सकाळी मोटरने चाकं फिरवली तशी,
आणि स्क्रीनवरचा हिरवा पट्टा
हळूहळू डावीकडे सरकतो.
"आता ब्रेक कोण मारतंय?"
उतारच मारतोय, बाबा.

खाली अंजुण्याचं धरण दिसतं.
त्यांना नाही, मला.
मी सांगते, पाणी बरंच उतरलंय,
काठाची लाल पट्टी रुंद झालीय.
ते मान हलवतात, पाय दाबतात.

केरीला पोचलो तेव्हा चव्वेचाळीस.
"सकाळी चढताना किती गेले?"
सोळा.
"आणि आले तीन. बाकीचे तेरा?"
वाऱ्याला, टायरांना,
आणि तुम्ही एसी लावायला सांगितलात त्याला.
ते बोटांवर काहीतरी मोजतात.
"तीन म्हणजे काय कमी?
मी घाटाला इतकं दिलं,
घाटाने मला वास दिला."
मग थोड्या वेळाने,
"बॅटरी पूर्ण भरलेली असती तर?"
तर घ्यायला जागाच नसती.
मलाच ब्रेक मारावे लागले असते.
"म्हणजे ब्रेक लागतात,"
ते खूश होऊन म्हणतात.

लागतात. उलट, साखळीचा नेव्हिल
परवाच ओरडला होता माझ्यावर:
मॅडम, तुम्ही ब्रेक वापरतच नाही,
आपल्या या दमट हवेत डिस्क गंजली बघा.
आठवड्यातून एकदा लेव्हल शून्य करा
आणि जरा दाबा चांगला.
गंज वापराने जातो.

केरीपुढे रस्ता सरळ, दुतर्फा काजू,
पडलेल्या बोंडांचा आंबूस वास काचेतून आत.
मागेपुढे कुणी नाही.
मी शून्य करते. गाडी सुटते,
पाण्यावर सोडलेल्या पत्रावळीसारखी.
"न्यूट्रल टाकलास?" बाबा ताठ होतात.
"न्यूट्रल टाकणाऱ्याला मी ट्रकवरून उतरवलंय!"
घाट संपला, बाबा. तुम्ही सांगा कधी दाबू.
ते काजूंच्या वासात कान लावून बसतात.
टायरांचा आवाज फक्त.
"आता."

दोन पाय एकदम खाली.
एक पॅडलवर, एक मॅटवर.
डिस्क खरखरली, गंज सुटला,
कुंद्याचा डबा मागच्या सीटवरून घसरला,
गाडी उभी.

"बरोबर लागला," बाबा म्हणाले.
आणि नाक वर करून हुंगलं.

वास आला नव्हता कसलाच.
मी तसं म्हटलं नाही.
मोर्लेच्या उताराला पुन्हा लेव्हल तीन केली,
आणि त्यांचा पाय कधी दाबतो
ते तिरक्या नजरेनं बघून
माझा पाय उचलत गेले,
थेट घरापर्यंत.