साक्ष

जोडे शिवतो मी. पण तीस वर्षं
चूल पेटली ती जिभेवर.

वाल्पाराईसोच्या कोर्टाच्या पायरीवर वकील बोटानं खूण करायचा,
मी टोपी काढून आत जायचो:
"ओळखतो साहेब या माणसाला.
लग्नाच्या साली हा आमच्या टेकडीवर राहतच नव्हता.
किल्पुएला असायचा, मावशीकडे,
मागच्या दारी गुडघाभर चिखल."
चिखल माझ्या पदरचा.
वकिलाला तो फार आवडायचा.

आमच्या देशात घटस्फोट नव्हता.
लग्न मोडता यायचं नाही, फक्त
झालंच नव्हतं, असं ठरवता यायचं.
पत्ता चुकला म्हणजे रजिस्ट्रार चुकला,
रजिस्ट्रार चुकला म्हणजे सही फुकट,
आणि अठरा हिवाळे, एक गहाण घर,
तापात रात्रभर धरलेला हात
हे सगळं कुणीतरी भलत्याच गावात पाहिलेलं स्वप्न.

न्यायाधीशांना ठाऊक होतं. टायपिस्टला ठाऊक होतं,
माझं वाक्य संपायच्या आत ती ते टाइप करून मोकळी.
पाद्रीबाबांच्या धाकट्या बहिणीसाठीही
मीच उभा राहिलो होतो, त्यांनी जोड्यांचे पैसे जास्त दिले.
कायदा तेवढा झोपेचं सोंग घेऊन पडलेला.
सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

मासेवाल्या बेर्नार्दाकडे माझ्यापुरते पैसे नव्हते.
बावीस वर्षं ती ओस्वाल्दोबरोबर राहिली.
तो गेला तेव्हा शवपेटी पहिलीच्या दारात गेली,
पेन्शनही.
बेर्नार्दा रस्त्याच्या पलीकडून बघत होती,
हातांना अजून खवले चिकटलेले.

दुकानात वाद व्हायचे. क्लोदोमिरो न्हावी म्हणायचा,
"माणसं बदलली, कायदा बदला. पाय वाढला तर
जोडा बदलतात, बोटं छाटत नाहीत. सांग रे निबाल्दो!"
मी मान डोलवायचो. धंद्यातली गोष्ट होती.

एकदा ओर्तेन्सियाबाई टाच ठोकून घ्यायला बसल्या होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
"रात्री गाडी थांबली की अख्खी गल्ली खिडक्या लावायची.
पहिल्यांदा लाज वाटली. मग सवय झाली.
मग जो लावत नाही तोच वेडा ठरला.
तीही रीतच बदलली होती ना, क्लोदोमिरो?
तिच्या मागून कायदा आणायचा होता का?"
थोड्या वेळानं म्हणाल्या,
"आणलाच होता म्हणा."

कुणी बोललं नाही. मी चार खिळे ठोकायचे तिथे सहा ठोकले.

तेव्हापासून मला एवढंच कळतं:
पाय वाढलाय की सुजलाय
हे लांबून दिसत नाही. मापाच्या पट्टीला तर मुळीच नाही.
अंगठ्यानं दाबून बघावं लागतं,
आणि ज्याचा पाय आहे त्याच्या तोंडाकडे.

दोन हजार चार साली कायदा उठला, डोळे चोळत.
माझी जीभ बेकार झाली. वाईट वाटलं नाही,
थोडं वाटलं.

मग एर्मिंदा आली. केस पांढरे,
कागदात गुंडाळलेले लग्नातले जोडे.
सत्त्याहत्तर साली तिच्या नवऱ्याला
मीच किल्पुएला पाठवला होता.
"आताच्या पोरींना कागद मिळतो," म्हणाली,
"होतं आणि संपलं, असा.
माझ्या कागदावर नव्हतंच, असं आहे.
मला त्याच्याकडे परत जायचं नाही, दारुडा होता.
पण मी होते ना तिथे?"

मी हातातला हातोडा ठेवला.
टोपी काढली, सवयीनं.
समोर ना न्यायाधीश, ना टायपिस्ट,
शिडीच्या लिफ्टची खडखड तेवढी खालून वर येत होती.

ओळखतो या बाईंना, मी म्हणालो.
त्या साली त्या याच टेकडीवर राहत होत्या,
जिन्यापासून दुसरं घर, पिवळा पत्रा.
नवराही तिथेच. त्याची डावी टाच लवकर झिजायची,
कारण चढणीवर तो यांच्या बाजूला झुकून चालायचा.

"कधीकधी," ती म्हणाली.

कधीकधी, मी दुरुस्ती केली,
आणि जोडे हातात घेतले.