तिसरं ताट

कुताइसीत रात्री अकराला वीज जाते,
म्हणून मी कंदील आधीच पेटवून ठेवते
आणि बत्तीस उत्तरपत्रिका पुढ्यात ओढते.
प्रश्न चौथा, गुण दहा:
घरात माणसं दोन, आई आणि मुलगा.
आई रोज ताटं तीन मांडते.
तिसऱ्या ताटाचा अर्थ स्पष्ट करा.

राजधानीतून आलेल्या नमुना उत्तरात
अर्थ कापून, तोलून ठेवलाय:
हरवलेली मायभूमी, चार.
परंपरा, तीन.
लेखकाचा काळ, दोन.
शुद्धलेखन, एक.

लाशाने मायभूमी लिहिलीय.
तोर्निकेनेही, लाशाच्याच स्वल्पविरामांसकट.

निनूत्सा मात्र लिहिते,
तिसऱ्याचं काय विचारता,
दुसरं ताटही रिकामंच आहे.
आई वाढते, उचलते, धुते.
आई जेवल्याचं एकही वाक्य नाही.
मी कथा काढली. कंदिलाची वात वर केली,
ओळ न् ओळ बोटाने चाळली.
खरंच. एक घास नाही.
एकोणीस वर्षं शिकवतेय मी ही कथा.

वार्लाम आमच्याच गल्लीतला.
दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायचा,
दुसऱ्यांच्या चुकांवर पोट.
एकदा वाचनालयात एक पाहुणे विद्वान आले,
दाढी कुरवाळत म्हणाले,
लेखक मेला आहे असं समजून वाचा.
तिसऱ्या रांगेत वार्लाम खोकला.
सगळे हसले, पाहुण्यांना कळेना का.

परतताना पुलावर मी विचारलंच,
अहो, ते ताट कुणाचं?
खाली रिओनी गढूळ, भरून चाललेली.
चूक आहे ती, म्हणाला.
आधी कथेत माणसं तीन होती.
एकाला मी खोडलं, ताट खोडायचं राहिलं.
छापून आल्यावर लाज वाटली सांगायला.
आणि तुम्ही लोक त्यावर काथ्याकूट करत बसलात!

कुणाला खोडलंत?
त्याने गळपट्टा नीट केला,
टोमॅटो किती महागले यावर बोलत राहिला.
ताकास तूर लागू दिली नाही घरापर्यंत.

मग तो खरंच मेला.
चाळिसाव्याला मी त्याच्या आईकडे गेले,
पेलागिया मावशींकडे.
भाकरीवर वाइन ओतून झाली,
माणसं पांगली, मी भांडी पुसायला थांबले.
कपाटात निळ्या काठाची तीन ताटं.
दोनांवर सुरीचे ओरखडे, वर्षानुवर्षांचे, जाळीसारखे.
तिसरं गुळगुळीत.
माझा चेहरा दिसला त्यात, ओल्या फडक्यासकट.
मावशी दारात उभ्या होत्या.
म्हणाल्या, ते वेगळं ठेव.
मी वेगळं ठेवलं.
एवढंच. विचारलं काहीच नाही.
त्या दिवसापासून मला कळत नाही
पुलावर तो खरं बोलला होता,
की खोटं,
की दोन्ही.

शेवटची पत्रिका ग्वांत्साची. अडीच ओळी.
"आमच्याकडेही मांडतात. वडील रोस्तोवला गेलेत.
अर्थ असा काही नाही. नाही मांडलं तर
आई रात्री उठून मांडते, आवाज होतो, झोप मोडते."

नमुना उत्तराशी ताडून पाहते.
मायभूमी नाही. परंपरा नाही.
लेखकाचा काळ? आपल्यालाही असा एक काळ आहे
हे तिला अजून माहीत नाही.
शुद्धलेखनाच्या दोन चुका, म्हणजे तोही गुण गेला.

वीज गेली. शेजारी कुणीतरी शिवी हासडली.

निनूत्साला आठ दिले,
कुठल्या रकान्यातले ते विचारू नका.
ग्वांत्सापुढे दहा लिहिले,
आणि तपासनीस विचारणार म्हणून
शेऱ्याच्या चौकटीत: लेखकाला ओळखत होते.
वाचून पाहिलं. खोटं वाटलं.
लाल रेघ मारली त्यावर.

रेघेखालचं अजून वाचता येतंय.