वायरची लांबी

जेल रोडवरून मामानं आणलेल्या पहिल्या यंत्राची वायर
जेमतेम हातभर. त्यामुळे रामबागेतल्या मधल्या खोलीत
श्रीरंग आणि मी टीव्हीच्या काचेला नाक लावून,
गुडघ्याला गुडघा,
आणि त्याचा माणूस उडी मारायच्या नेमक्या क्षणी
माझं कोपर त्याच्या बरगडीत.
आठव्या पातळीवर हमखास वीज जायची.
यंत्राला काही आठवत नसे. आम्हाला सगळं.

दुसऱ्याची पलंगापर्यंत पोचली.
ते करडं धूड कासवासारखं उताणं ठेवलं
तरच सीडी वाचायचं.

तिसऱ्याला वायरच नव्हती.
आई म्हणाली, बरं झालं,
केर काढताना पायात येत नाही.
आम्ही मागे सरकत भिंतीला टेकलो.

मग भिंतीच्या पलीकडे.

आज रात्रीचे अकरा. त्याच्याकडे टोरांटोत दुपार, बर्फ.
कानात त्याचा आवाज, जरासा शिळा.
पडद्यावर दोघं पूल ओलांडतोय,
मानेवरचा घामसुद्धा दिसतो, इतकं खरं.
तो उडी मारतो.
माझं कोपर
उशीत रुततं.

‘आई गं!’ तो ओरडतो,
पाव सेकंद उशिरा.