पाणी फिरेपर्यंत

फिनिस्तेरच्या या टोकाला माणसं
ओहोटीलाच मरतात, असं सोआझिग म्हणाली
आणि भिंतीवरचं भरतीचं वेळापत्रक
जरासं सरळ केलं.

मी रात्रपाळीची नर्स, आतल्या मुलखातली,
गव्हाच्या शेतांत वाढलेली.
आमच्याकडे लोक मरतात
कुठल्याही वेळी.

खाटेवर तिचा माओदेझ, वय एक्याऐंशी.
जन्मभर विळ्यानं समुद्रशेवाळ कापलेलं,
नखांत अजून आयोडीनचा पिवळा.
मी श्वास मोजत होते,
ती पाणी.
"अकरा चाळीसची ओहोटी टळली.
आता सकाळपर्यंत घोर नाही,"
असं म्हणून तिनं कॉफी ठेवली.
चढत्या पाण्यावर पेरलेला घास दाट येतो,
घुसळलेलं लोणी लवकर धरतं,
चढत्या पाण्यावर कुणी जात नाही.
तिला आईनं सांगितलेलं. आईला कुणी, ते माहीत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी
माझ्या बोटांखालची नाडी थांबली.

बाहेर उधाण चढतच होतं.
चिखलात कलंडलेल्या होड्या
एकेक करून उभ्या राहत होत्या.
मी घड्याळ पाहिलं, तोंड उघडलं.
"अजून नाही," सोआझिग म्हणाली.

मग आम्ही त्याचा चेहरा झाकला नाही.
शेजारचा रिवाल आला, टोपी काढली,
खिडकीतून पाणी पाहिलं
आणि टोपी परत घातली.
खुर्ची ओढून माओदेझला सांगत बसला
डिझेलचा भाव, दोरखंडाची चोरी,
पोराचं बिनसलेलं लग्न.
सोआझिगनं कुठल्याशा जुन्या उधारीवरून
नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं.
मीसुद्धा, का कोण जाणे,
त्याच्या पायांवर दुसरी घोंगडी टाकली.

जूनचं उजाडत होतं.
पाच बावन्नला धक्क्याच्या पायरीवर दिसली
ओली रेघ,
पाण्यानं नुकतीच सोडलेली, बोटभर.
"आता," ती म्हणाली.
आणि मग रडली, तोंडात पदर नाही काही नाही,
मोठ्यानं, दाराबाहेर ऐकू जाईल असं.
रिवालनं घड्याळाचा लंबक धरला.

कागदावर वेळेचा रकाना होता.
पंधरा वर्षांत मी त्यात कधी खोटं लिहिलं नव्हतं.
पाच बावन्न, लिहिलं.

डॉक्टर आले साडेसहाला, इथलेच, नावाड्याचा मुलगा.
त्यांनी हात हातात घेतला. फार गार लागला असणार.
माझ्याकडे पाहिलं,
मग बाहेर, उघड्या पडत चाललेल्या खडकांकडे,
आणि सही केली.