धोटा अडकला

पाचव्या दिवशी बाबांनी पोह्यांची प्लेट सरकवली,
तर्रीचा लाल तवंग तसाच.
"भूक नाही व," म्हणाले.
खुब्याचं हाड जुळत होतं.
गोळ्यांनी दुखणं थांबवलं,
आणि त्यासोबत बाकीचंही.

चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस,
तुटलेला धागा आवाजावरून ओळखणारा.
लेकीसमोर हा शब्द कसा काढावा
त्यांना ठाऊक नव्हतं.
भिंतीकडे तोंड करून शेवटी बोलले:
"धोटा अडकला व माय. पाच दिवस झाले."

इतवारीत पशिनेंच्या दुकानात
मी हळूच सांगितलं.
पशिने हळू बोलत नाहीत.
"कोनाले? वय किती? खडा होते का?
पानी किती पेते बुढा?"
हळद घेणाऱ्या दोघी वळून बघू लागल्या.
मी पोत्यावरचा हिरडा मोजत राहिले.

मग त्यांनी पुड्या सोडल्या.
"हे सोनामुखी. हा चाबूक हाय.
रात्री घेतला का पहाटे आतडं पळवते.
पन चाबूक रोज नाही मारत,
बैल चालनं इसरते.

हा इसबगोल. नुसता भुसा.
सोताहून काही करत नाही, पानी पेते, फुगते,
वाट ओली करत खाली जाते.
पानी कमी पडलं तर याचाच बोळा बसते.
आनि पोट फुगलं, दुखलं, उलटी झाली
तर मायाकडे नको येऊ, दवाखान्यात ने.
आतापन डॉक्टरले इचारूनच दे."

खिळ्याला एक काळी शेंग टांगलेली होती, हातभर लांब.
"हे काय?"
"बहावा. सिव्हिल लाइन्समंदी
लोक ज्याचे फोटो काढत फिरतात, तोच.
फुलाले सारे वयखतात,
गराले फकस्त पोट वयखते."

डॉक्टर फोनवर म्हणाले, भुसा चालेल, पाणी भरपूर.
मे महिना. कूलरची घरघर, माठ दोनदा भरायचा.
बाबा प्रत्येक पेल्यानंतर खडूने भिंतीवर रेघ ओढत,
पूर्वी लुगडी मोजायचे तशी.
पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी अकरा.
काही नाही.
पशिनेंना मी मनात चार शिव्या दिल्या.

तिसऱ्या पहाटे
वॉकरची टकटक. कडी.
मी उगाच घासलेली भांडी पुन्हा घासत होते.
नळ बंद केला. चालू केला.
एवढ्या वेळात एखाद्याने
अर्धा पदर विणला असता.

कडी निघाली.
बाबा दारात उभे, कपाळावर घाम,
माझ्याकडे न बघता
खडू उचलून त्यांनी सगळ्या रेघांवर
एक आडवी रेघ मारली.

"पोहे हायेत का व?"
"आहेत. तर्री नाही मिळणार."
"नको देऊ," म्हणाले, खुर्चीत सावकाश टेकत,
"वाटी जवळ ठेव फक्त.
वास तं घेऊ दे."